जहाजातली टाकी

कारभारीनं गॅसचा कटर बंद केला, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि जहाजाच्या पोटातून डोकं बाहेर काढलं.

"अजून एक बाजू राह्यली," तो म्हणाला.

"आराम करो जरा," खालून चांदपाशा म्हणाला. पंधरा वर्षं दोघं जालन्याच्या या भंगार अड्ड्यावर जोडीनं कापत होते. बॉयलर कापले, बस कापल्या. शिडाचं जहाज पहिल्यांदाच आलं होतं. मुंबईहून ट्रेलरवर, डोलकाठी उतरवलेलं, गाभण म्हशीसारखं पोट सुटलेलं. असली जड जहाजं सावकाश चालतात, पण वादळाला बधत नाहीत, असं मुकादम काकासाहेब सांगत. दोन-दोन माणसं त्यात महिनोन्महिने समुद्रावर राहत, म्हणून आत पिण्याच्या पाण्याची ही मोठी टाकी. चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायला मात्र मोजून! कारभारीला ती अनोळखी माणसं एकदम आपल्या वस्तीतलीच वाटली होती.

वस्तीत टँकर चौथ्या दिवशी येई. दारात टाकी असली की टँकरवाला पाइप टाकून भरून देई; नसली की हंडा घेऊन पळा. कारभारीच्या बायकोचे, दुर्गाबाईचे गुडघे गेले होते. मागच्या खेपेला ती गर्दीत पडली.

"अख्खी निघाली तर घेऊन जा," काकासाहेबांनी शब्द दिला होता. "कापली तर भट्टीत."

पण टाकी आधी बसवून जहाज तिच्याभोवती बांधलेलं. दारातून ती निघणं शक्यच नव्हतं. दोन दिवस कारभारी तिला जपत भोवतीचं पोलाद कापत होता. पाठ भरून आली होती, डोळ्यांची आग होत होती.

शेवटच्या बाजूला तो वळला. कटर पेटवण्याआधी त्याच्या हातानं छन्नी उचलली, टाकीच्या तळाशी टेकवली आणि हातोडी हाणली. बंद भांड्याजवळ आग न्यायची तर आधी तळाला भोक पाडायचं; आत तेलाची वाफ कोंडलेली असली तर भडका उडतो. चांदपाशाचा भाऊ तसाच गेला होता.

गार पाण्याची धार कारभारीच्या छातीवर आली.

"क्या किये भाई! पानी की टाकी थी ना!"

कारभारीनं भोकावर बोट दाबलं. थोड्या वेळानं काढून घेतलं. स्वतःचा एवढा राग त्याला कधी आला नव्हता. जहाजवाल्यांनी जपून ठेवलेलं पाणी भंगारातून वाट काढत मातीत जिरलं.

संध्याकाळी टाकी निघाली. काकासाहेबांनी भोक पाहिलं आणि हातानंच टाकी न्यायची खूण केली. दोघांनी ती हातगाड्यावर घालून घरी आणली.

दुर्गाबाईनं बसल्या बसल्या टाकीवरून हात फिरवला. हात तळाशी थांबला.

"मीच पाडलं," कारभारी म्हणाला. "सवयीनं. ध्यानातच न्हाई राह्यलं."

"मंग तोटी कुठं बसवली असती?" तिनं दुखरा पाय लांब केला. "बराबर खालीच पडलं. चार विटा ठेवा, हंडा बसतोय बघा तिथं."

त्यानं भोकात करंगळी घालून माप पाहिलं.

"टँकर परवा हाये," ती म्हणाली.

"मंग विटा उद्या," तो म्हणाला आणि टाकीला पाठ टेकून तिच्याशेजारी बसला.