काढलेलं कुलूप

घराचे कागद बघितल्याशिवाय कुलूप बदलणार नाही, अशी पाटी माझ्या दुकानात आहे. मीच रंगवलेली. एक दिवस भाजीची पिशवी घेऊन एक गोडबोल्या आला, किल्ली हरवली म्हणाला. मी दार उघडून दिलं आणि नवं कुलूपही बसवलं. कागद विचारलेच नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

चार महिन्यांनी एक निवृत्त नर्स दुकानात आल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. मुलीच्या बाळंतपणाहून परतल्या, तर स्वतःच्या दाराला स्वतःची किल्ली लागेना. आतला माणूस म्हणे, मी तीन वर्षांचा भाडेकरू, कुलूपही तेव्हापासूनचंच. पत्ता ऐकला आणि कळलं, त्या गोडबोल्याला हेच दार मी उघडून दिलं होतं.

दोन मिनिटांत उघडून देतो, म्हणालो. सिस्टरबरोबर आलेल्या त्यांच्या वकीलबाईंनी मला झापलं. घुसखोर असला तरी कोर्टाच्या हुकमाशिवाय त्याला काढता येत नाही; कुलूप तोडलं तर तोच फिर्यादी आणि सिस्टर आरोपी. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी चिडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, पुरावा आणा.

पुरावा माझ्याच फळीवर होता. काढलेलं कुलूप मी टाकत नाही, सुटे भाग कामी येतात. पत्ता आणि तारखेची चिठ्ठी बांधून ठेवतो. पण ते कोर्टात न्यायचं म्हणजे स्वतःची चूक चारचौघांत कबूल करायची. मग माझ्याकडून कुलूप कोण बसवून घेणार? दोन दिवस मी गप्प बसलो, त्याची आजही लाज वाटते.

शेवटी बायको म्हणाली, "तुमची अब्रू जाईल म्हणता. तिचं घर गेलंय."

कोर्टात सिस्टरनी पर्समधली किल्ली त्या जुन्या कुलपात घातली. फिरली. चिठ्ठीवरची तारीख वाचली गेली आणि गोडबोल्याची तीन वर्षं चार महिन्यांवर आली. न्यायाधीशांनी मला खडे बोल सुनावले. घर रिकामं करण्याचा हुकूमही दिला.

कोर्टाच्या बेलीफसमोर तो सामान घेऊन निघून गेला. सिस्टर म्हणाल्या, माझं जुनंच कुलूप लावा. मी स्क्रू ड्रायव्हर काढला, आणि परत पिशवीत ठेवला.

"सिस्टर, आधी घराचे कागद दाखवा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग डोळे पुसत, हसत हसत त्यांनी पर्स उघडली.