दुसऱ्यांदा भरलेला फॉर्म

सहावीच्या पोरांनी आहाराचे फॉर्म भरले आणि माझा उजवा हात कोपरापर्यंत नाहीसा झाला. दुखलं नाही. बांगड्या तेवढ्या खिचडीच्या पातेल्यात पडल्या, त्या मी डाव्या हाताने काढल्या.

या शाळेत खिचडी मी शिजवते, सात वर्षं झाली. तडक सर्वेक्षणवाल्या पोंक्षे मॅडमकडे गेले.

"खिचडी कुणी लिहिलेलीच नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "सँडविच आहे, सफरचंद आहे, पनीर आहे."

"अहो, दोन-दोनदा मागून खातात मेली! हातांचा वास घेऊन बघा त्यांच्या."

"आम्ही लिहिलेलंच धरतो. पंधरा दिवसांनी हाच फॉर्म पुन्हा भरून घेणार. उत्तरं तीच आली, तर पक्कं."

"आणि एखाद्या पोराने वेगळं लिहिलं तर?"

"तर हात परत." त्यांनी माझा उरलेला हात टेपने मोजला आणि आकडा टिपून घेतला.

मला घोर नव्हता. त्या वर्गात माझी दीक्षा आहे, पोटची पोर. शाळेत ती मला इतरांसारखं मावशीच म्हणते. या वयात लाज वाटते पोरींना, मी कधी मनाला लावून घेतलं नाही.

पंधरा दिवस डाव्या हाताने भाकऱ्या थापल्या. वाकड्यातिकड्या झाल्या, तिने खाल्ल्या.

"दीक्षे, जे खाल्लंस तेच लिही गं. एक ओळ पुरे."

"लिहीन म्हटलं ना! आईशपथ."

फॉर्मच्या दिवशी मी वर्गाच्या खिडकीशी उभी राहिले. दीक्षाने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारणीच्या कागदाकडे, आणि सुरेख अक्षरात लिहिलं: सकाळी कॉर्नफ्लेक्स, दुपारी सँडविच. आमच्या घरात कॉर्नफ्लेक्सचा खोका कधी आलेला नाही. तिच्या ओठाला सकाळचं पिठलं लागलेलं होतं अजून.

मॅडमनी तिचे दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. अक्षराला अक्षर बसलं.

"पक्कं," त्या म्हणाल्या.

बाकीच्यांचं सोडा हो, परकी पोरं ती. पण हिने? मी तसं मोठ्याने विचारलंसुद्धा.

जेवणाची घंटा झाली. रांगेत दीक्षा पहिली होती. तिने ताट पुढे केलं.

"मावशी, वाढा ना. भूक लागलीय."

डाव खिचडीत उभाच राहिला. ती मागच्या पोरींना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "आई?"

पातेल्यात माझ्या डाव्या हातातल्या बांगड्या वाफाळत होत्या.