फाटकाच्या दोन्ही बाजूंचा पत्रव्यवहार

मसुदेकाकांचं घरांबद्दल एक मत होतं आणि युद्धांबद्दल एक. दोन्ही मतं ऐकून घ्यायला घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून ते रोज संध्याकाळी पाच वाजता चपला अडकवून मोठ्या बहिणीकडे जात आणि तिला ऐकवत. ताई मटार सोलत ऐकत असे. निदान मटार तरी सोलत असे.

घरांबद्दलचं मत असं, की शहराबाहेरच्या या वसाहती माणसाला माणसापासून लांब राहता यावं म्हणून बांधल्या. आणि एकदा लांब राहायला आल्यावर करण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे माणसाने पहिल्याच महिन्यात समिती स्थापन केली. काकांच्या वसाहतीत सगळी रो-हाउसं एकाच साच्यातली, सायीच्या रंगाची, पुढे तीन सतरंज्या मावतील एवढी हिरवळ. रस्त्यांना बिल्डरने झाडांची नावं दिली होती, म्हणजे त्याने तिथली जी झाडं तोडली त्यांची. एकदा काका स्वतः चुकून शेजारच्या घरात शिरले, पंखा लावला आणि आपला सोफा निळा कधी झाला याचा विचार करत पाच मिनिटं बसून राहिले. सामायिक जिना नाही, बाक नाही, कट्टा नाही. माणूस गाडीतून घरात आणि घरातून गाडीत. शेजाऱ्याची गाठ पडायची ती सूचनाफलकावर.

युद्धांबद्दलचं मत मात्र अनुभवाचं होतं. परराष्ट्र खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्या देशांना पाठवायच्या खलित्यांचे मसुदे केले होते, त्यावरूनच वसाहतीने त्यांना हे नाव दिलं. काकांचं म्हणणं, राष्ट्रं जमिनीसाठी लढत नाहीत, तेलासाठी लढत नाहीत. घरच्यांच्या देखत माघार घ्यायची लाज वाटते म्हणून लढतात. तेव्हा वर कितीही दमदाटी केलेली असो, खलित्याच्या शेवटच्या परिच्छेदात समोरच्याला इज्जतीने बाहेर पडायला एक दार ठेवायचं. ‘तथापि’ने सुरू होणारा हा परिच्छेद काका पोटच्या पोरासारखा जपत. छत्तीस वर्षांत साहेबलोकांनी तो तीनदा खोडला आणि तीनदा युद्ध झालं.

“तीनदा!” काका बोटं नाचवून सांगत.

“हा किडका निघाला,” ताई म्हणे आणि मटार बाजूला टाके.

काका राहत होते वसाहतीच्या पहिल्या टप्प्यात आणि ताई दुसऱ्यात. मध्ये भिंत, आणि भिंतीत एक माणूस तिरका होऊन जाईल एवढं लोखंडी फाटक. ताईचे यजमान गेले तेव्हा ‘ताई, इथे घे घर, फाटकातून दोन मिनिटांवर आहे मी’ असं काकांनीच तिला गळ घालून आणलं होतं. ताई आता शहात्तरची, गुडघे कामातून गेलेले. फाटक वगळलं तर दुसरा रस्ता हमरस्त्यावरून, अडीच किलोमीटर, पदपथाशिवाय.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका रविवारी सकाळी पहिल्या टप्प्याचे अध्यक्ष काकांच्या दारात उभे राहिले. अध्यक्ष व्यवसायाने डेंटिस्ट. बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघायची त्यांना सवय होती, त्यामुळे माणूस उगाचच तोंड मिटून घेई आणि समितीचे ठराव एकमताने मंजूर होत.

“काका, आता अति झालं. दुसऱ्या टप्प्यातला तो कुत्रा रोज फाटकातून येतो आणि माझ्या हिरवळीवर कार्यक्रम उरकतो.”

“त्याच्या मालकाशी बोललात?”

“मालक म्हणजे त्यांचे अध्यक्षच. टायरवाले. मी कशाला बोलू? मी कधी बघितलंसुद्धा नाही त्या माणसाला. तुम्ही एक सणसणीत पत्र लिहा. तुमच्यासारखा माणूस घरात असताना आम्ही काय वकील शोधायचा?”

काकांना नको म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर त्यांना ते म्हणायचंच नव्हतं; निवृत्तीनंतरच्या अकरा वर्षांत त्यांना कोणी एक ओळ लिहायला सांगितलं नव्हतं. दुपारची झोप टाकून त्यांनी पत्र केलं. ‘अत्यंत गंभीर दखल’ आली, ‘सहनशीलतेलाही मर्यादा असते’ आलं, ‘उद्भवणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी’ आली. आणि शेवटी: ‘तथापि, उभय टप्प्यांचे दीर्घकालीन स्नेहसंबंध पाहता, येत्या रविवारी समक्ष भेटून चहा घेण्यास आमची समिती उत्सुक आहे.’

डेंटिस्ट वाचताना खुलत गेले. शेवटाला आल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं.

“हे काय? एवढं गुरकावून शेवटी शेपूट घालायचं?”

“अहो, ते शेपूट नाही, दार आहे.”

“दार नको. दारामुळेच तर कुत्रा येतोय,” असं म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि परिच्छेदावर उभी-आडवी काट मारली. काकांनी मनात मोजलं: ही चौथी. सोमवारी पत्र गेलं, मंगळवारी फाटकाला पहिल्या टप्प्याचं कुलूप लागलं. उत्तर येईपर्यंत, म्हणे.

त्या दिवशी काका हमरस्त्यावरून ताईकडे निघाले. ट्रक अंगावरून जात होते, टोपी दोनदा उडाली, एका चालकाने खिडकीतून डोकं काढून ‘आजोबा, कंटाळा आला का जगायचा?’ अशी आपुलकीने चौकशी केली. पाऊण तासाने ते घामाघूम होऊन पोचले तर ताईच्या स्वयंपाकघरात एक दांडगा गृहस्थ तेच पत्र टेबलावर आपटत होता.

“मावशी, भाषा बघा! नक्की वकील लावलाय. मला रोज टायरशी काम, मी याला काय उत्तर देणार?”

“हा माझा धाकटा भाऊ,” ताई शांतपणे म्हणाली. “सरकारात हेच करायचा. याच्याकडून घ्या लिहून.”

काकांनी ताईकडे बघितलं. ताई मटाराकडे बघत होती. टायरवाल्यांनी भाऊ कुठे राहतो ते विचारलं नाही. आलेला माणूस घामाने भिजलेला होता, म्हणजे तो लांबूनच आला असणार, असा त्यांनी समज करून घेतला.

काकांचा हिशेब सरळ होता. दार पलीकडून ठेवता आलं नाही, तर अलीकडून ठेवू. त्यांनी स्वतःच्याच पत्राला कडक उत्तर लिहिलं. ‘निराधार आरोप’, ‘तीव्र शब्दांत निषेध’, शिवाय पहिल्या टप्प्याची मंडळी दूध-पाव घ्यायला दुसऱ्या टप्प्यातल्याच दुकानात येतात याची बोचरी आठवण. आणि खाली ‘तथापि’.

टायरवाल्यांनी वाचलं, मान डोलावली, कागद टेबलाच्या कडेवर ठेवून नीट दुमडला आणि शेवटच्या परिच्छेदाची पट्टी टर्रकन फाडली.

“बाकी एक नंबर, काका. हे तेवढं बायकी वाटतं.”

“बायकी म्हणजे?” ताईने विचारलं.

“म्हणजे... मऊ हो, मावशी.” ते पट्टी खिशात घालून निघून गेले आणि त्याच संध्याकाळी फाटकाला दुसऱ्या बाजूनेही कुलूप लागलं.

पुढचे पाच आठवडे मसुदेकाका स्वतःशी पत्रव्यवहार करत होते. सकाळी डेंटिस्टांच्या बाजूने लिहायचं, संध्याकाळी हमरस्ता तुडवत जाऊन टायरवाल्यांच्या बाजूने त्याला उत्तर द्यायचं. प्रत्येक पत्रात ‘तथापि’ घालायचं आणि ते एकीकडे खोडलं जाताना, दुसरीकडे फाडलं जाताना बघायचं. त्यांनी तो परिच्छेद मध्ये घालून बघितला, सापडला. पहिला घालून बघितला. डेंटिस्ट म्हणाले, ‘सुरुवातच शेपटाने?’ दरम्यान पहिल्या टप्प्याने भिंतीवर दोन फूट पत्रा चढवला. दुसऱ्याने पलीकडच्या खिडक्यांत थेट पडेल असा दिवा लावला. दूध-पाववाल्याने ‘फक्त दुसऱ्या टप्प्यातील रहिवाशांसाठी’ अशी पाटी टांगली आणि आठवड्यात स्वतःच बुडायला आला. दोन्हीकडच्या सभांमध्ये काकांची पत्रं मोठ्याने वाचली जाऊ लागली. टाळ्या पडत. माणसं पत्रांचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवत. पहिल्या टप्प्याच्या सभेत एकजण तर पलीकडून आलेलं पत्र वाचून म्हणाला, “काही म्हणा, त्यांचाही माणूस तयारीचा आहे.” कोपऱ्यात बसलेल्या काकांना आनंदही झाला आणि त्या आनंदाची शरमही वाटली.

सहाव्या आठवड्यात काका ताईकडे पोचले ते लंगडत. ट्रक चुकवताना गटाराच्या कडेवर पाय मुरगळला होता. ताईने घमेल्यात गरम पाणी ओतलं, पाय आत घालायला लावला आणि पहिल्यांदाच मटार बाजूला ठेवले.

“बंड्या, उद्यापासून येऊ नकोस.”

“म्हणजे?”

“मरशील एखाद्या दिवशी. मला येता येत नाही, तू यायचं नाहीस. संपलं.”

“अगं, पण थोडा धीर धर. एकाने तरी तो परिच्छेद ठेवला ना—”

“खड्ड्यात गेला तुझा परिच्छेद! दोन्हीकडून तूच भांडतोयस, कळतंय का तुला? तू लिहिणं बंद कर.”

“मी नाही लिहिलं तर ते डेंटिस्ट स्वतः लिहितील. शिव्या घालतील.”

“घालू देत की! शिव्या दिल्या की माणूस मोकळा होतो, दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःचीच लाज वाटते. तुझ्या पत्राची कोणाला लाज वाटते? फ्रेम करून लावतील इतकं छान लिहितोस. इतकं छान भांडण कोण कशाला सोडेल?”

घमेल्यातलं पाणी निवत गेलं. छत्तीस वर्षं त्यांनी खोडलेल्या परिच्छेदाचं दुःख केलं होतं. त्याच्या वरचे चार परिच्छेदही आपलेच होते, ही गोष्ट त्यांच्या कधी मनातच आली नव्हती. ते चार कोणी कधी खोडले नाहीत. ते फारच चांगले उतरलेले असत.

“त्या तीन वेळासुद्धा?” शेवटी त्यांनी विचारलं.

“ते मला काय माहीत,” ताई म्हणाली. “मी काय परराष्ट्र खात्यात होते? पाय पूस.”

दुसऱ्या दिवशी डेंटिस्ट आले तेव्हा काकांनी सांगितलं, “मी लिहिणार नाही.”

“हात दुखतोय का?”

“हात ठणठणीत आहे.”

“मग ऐन मोक्याला काय झालं तुम्हाला? सभा तोंडावर आलीय!” डेंटिस्ट दोन पायऱ्या उतरले, परत वर आले, पुन्हा उतरले. “ठीक आहे. मला काय लिहिता येत नाही?”

त्यांना येत नव्हतं. त्यांचं पत्र पाच ओळींचं होतं. त्यात कुत्रा होता, कुत्र्याची आई होती, मालकाची अक्कल होती आणि मालकाने कुठे जावं याची स्पष्ट सूचना होती. टायरवाल्यांनी ते वाचलं आणि उत्तर लिहून घ्यायला ताईकडे गेलेच नाहीत. ते पत्र हातात घेऊन तडक फाटकाशी गेले आणि गज धरून ओरडू लागले. डेंटिस्ट घरचा सदरा घालूनच धावत आले. सहा आठवड्यांत दोन्ही अध्यक्ष पहिल्यांदाच एकमेकांना बघत होते.

पुढची वीस मिनिटं जे बोललं गेलं त्यात कुठलीही गंभीर दखल नव्हती. काका आपल्या दारातून ऐकत होते आणि त्यांच्या अंगावर काटा येत होता: एकही वाक्य पुरं होत नव्हतं, कर्ता एकाचा, क्रियापद दुसऱ्याचं. कुत्रा गजांशी बसून आळीपाळीने दोघांकडे बघत होता. टायरवाले जबडा फाडून ओरडत होते, आणि डेंटिस्टांनी इतकं उघडं तोंड इतका वेळ फुकटात कधी बघितलं नसावं. ओरडता ओरडता ते मध्येच थांबले.

“ती खालची दाढ. डावीकडची. किती दिवस झाले?”

“कुठली... काय संबंध?”

“सुजलीय केवढी! झोप लागते का तुम्हाला?”

टायरवाल्यांनी गालाला हात लावला. एवढा मोठा माणूस, पण आवाज अगदी लहान झाला. “तीन आठवडे झाले. घरात कोणाला सांगितलं नाही.”

“गजांतून काय दिसणार मला? तुमची किल्ली आणा. अहो, बघता काय, आणा!”

दोन्ही कुलपं निघायला सहा आठवडे लागले होते आणि चार मिनिटं. दाढ दुपारी दवाखान्यात निघाली. कुत्र्याचा प्रश्न सुटला नाही. तो त्याच संध्याकाळी हिरवळीवर येऊन गेला. डेंटिस्टांनी फाटकातूनच हाक मारून टायरवाल्यांना चार शब्द सुनावले, आणि टायरवाल्यांनी तोंडात कापूस असल्यामुळे हातवारे करून उत्तर दिलं.

काका पाच वाजता फाटकातून तिरके होऊन ताईकडे पोचले. दोन मिनिटं. लंगडत होते म्हणून तीन. ताईने चहा टाकला. कपाला हात लावतात न लावतात तोच टायरवाल्यांची बायको दारात आली.

“काका, ते दोघं म्हणतायत, झालं गेलं एकदा कागदावर आणू. करार. तुम्ही जरा येऊन लिहून देता का? फाटकाशी बसलेत, पण पहिलं नाव कोणाचं घालायचं यावरून परत जुंपलीय त्यांची.”

बाहेरून आवाज येत होता. डेंटिस्टांचा स्पष्ट, टायरवाल्यांचा कापसातून. काकांना त्या क्षणी मसुदा लख्ख दिसला: दोन प्रती, प्रत्येकाला एक, आणि ज्याची प्रत त्याचं नाव तिच्यात आधी. इतकं सोपं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि उठायला लागले.

“बस,” ताई म्हणाली.

“अगं, ओरडतायत ते.”

“ओरडू देत. ओरडतायत तोवर काळजी नाही.” आणि तिने त्या बाईलाही खुर्ची ओढून दिली. “तुम्हीही बसा. चहा घेता ना?”

काका बसले. बाहेर कोणीतरी कोणाच्या तरी अकलेचा उल्लेख केला. वाक्य अपुरंच राहिलं आणि त्याच्या मागोमाग दोघंही एकदम हसले, का ते आतून कळलं नाही. काकांना ते वाक्य पुरं करून द्यायची इतकी अनिवार इच्छा झाली की त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले.