मधल्या चार ओळी

औशाच्या बाजारात मंजुश्रीचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स ही तिची रोजची कामं. आमच्या चर्चची प्रार्थनेची पुस्तिका मी तिच्याकडेच टाईप करायला दिली. प्रूफ बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. दर रविवारी आम्ही सगळे मिळून म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत येशू मरीयेच्या पोटी जन्मला, त्या ओळीखाली तिनं चार ओळींची जागा कोरी सोडली होती.

"हे काय केलं, ताई?"

"पास्टर, तुमच्या कागदात मधलं राहून गेलं दिसतं. जन्मला, की लगेच क्रुसावर चढवला. मधी तेहतीस वर्षं काय केलं, ते न्हाई. म्हणून जागा ठेवली."

"काही राहिलेलं नाही. तो आमच्यासाठी मेला, हीच मोठी गोष्ट आहे."

"हाव, पण फ्लेक्सवर लोक मरण एका ओळीत लिहितात आणि माणूस कसा होता ते दहा ओळींत. मेला कोण, ते कळायला नको का?"

तीस वर्षं मी ती कबुली म्हणतोय, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी चिडूनच म्हणालो, "छापा मग तसंच!"

रविवारी चर्चमध्ये नव्या पुस्तिकेतून म्हणताना कबुली पाठ असलेलेसुद्धा त्या कोऱ्या जागेपाशी येऊन थांबले. कुणाला पुढं जायचं सुचेना. मग म्हाताऱ्या सरजाबाई म्हणाल्या, "आंधळ्याला डोळे दिले." मागून कुणीतरी म्हणालं, "भुकेल्यांना भाकरी वाटली."

त्या दिवशी क्रुसापर्यंत पोचायला आम्हाला लई वेळ लागला.