एकवचन

डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेनं झिजली होती, आतल्या कडेनं नाही — म्हणजे झीज सरळ नव्हती, तिरपी होती, पाचरीसारखी, आणि जिथे ती सगळ्यात खोल होती तिथे काळं रबर संपून आतला पिवळट थर दिसायला लागला होता. नेलिदानं बूट उलटा करून उजेडाकडे धरला. मग उजवा. उजव्याची झीज कितीतरी कमी. म्हणजे आपण चालताना डावीकडे कलतो... का? ऑस्वाल्दो नेहमी डाव्या बाजूला असतो आणि त्याचं बोलणं ऐकायला आपण त्याच्याकडे कलतो — लिस्बनपासून इथपर्यंत, सगळा युरोप, त्याच्याकडे कलत?

तिनं बूट पुन्हा पायात चढवले. जिनोआतल्या एका चढत्या गल्लीच्या पायरीवर ती बसली होती. समोरच्या भिंतीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. त्या चादरींकडे बघून तिला राग आला. चादरींचा नाही... चादरी धुऊन दोरीवर टाकणाऱ्या बाईला आपण उद्या कुठे असू हे ठाऊक आहे, याचा.

"म्हातारे, पाणी निवतंय हं!" ऑस्वाल्दो दोन पायऱ्या वर उभा होता, काखेत थर्मास, हातात 'माते'चा, त्यांच्याकडच्या कडू चहाचा, छोटा भोपळा. युरोपातल्या प्रत्येक गावात तो असाच उभा राहिला होता, समुद्रापलीकडच्या आपल्या रोसारिओच्या नदीकाठी उभा असल्यासारखा. "काय बघतेस एवढं टाचेत? नकाशा दिसतोय?"

"झिजलीय."

"झिजणारच. चालतोय आपण. मार्सेयला नवे घेऊ."

मार्सेयला. तिनं भोपळा घेतला, नळीतून कडू घोट ओढला. चाळीसएक वर्षं पोरांना भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या तिच्या या नवऱ्याचं म्हणणं असं की गाव पायांनीच कळतं. राहायचं कुठे ते ठरवण्याआधी सगळं चालून बघायचं. तेव्हा तिलाही ते पटलं होतं. रोसारिओतलं घर विकलेलं, ट्रंका त्याच्या बहिणीच्या गॅरेजमध्ये, मोकळे हात, मोकळे पाय... आणि मग लिस्बन त्याला फार उताराचं वाटलं, वालेन्सियात फटाके फार, त्रिएस्तेत वारा. प्रत्येक गावाला तो एक वाक्य द्यायचा, छान, हसवणारं वाक्य, आणि ते दिलं की गाव संपलं. "अजून एकच बघू." हे अजून-एकच कुठे थांबतं? नदीच्या पाण्याची तपासणी करण्यात तिची उभी नोकरी सरली होती. तीनदा तपासल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही, ही तिथली शिस्त. आणि ती शिस्त अंगात इतकी मुरली की त्रिएस्तेपासून तोंडात असलेलं 'मला आता थांबायचंय' हे वाक्यही ती तपासतच राहिली होती. वाऱ्यामुळे वाटतंय का? दमल्यामुळे? त्याच्यावर चिडल्यामुळे? आणि माझं ठरेपर्यंत तो पुढची तिकिटं काढून मोकळा. दर वेळी. दर वेळी मी म्हणते, बरं.

परवा इथे उतरल्या उतरल्याच त्यानं घोटाळा केला होता. चिंचोळ्या गल्ल्यांत वाट चुकली, आणि संगमरवरी पाटीवर 'सालिता' वाचून तो ओरडला, "ही बघ, बाहेर पडायची वाट! आपली स्पॅनिश 'सालिदा'च की ही, यांच्या बोलीतली." मग चढले दोघं, बॅगा ओढत, पाटीमागून पाटी, सालिता अमुक, सालिता तमुक, आणि शेवटी एका बंद फाटकापाशी पोचून धापा टाकत बसले. भाजी घेऊन येणारा एक म्हातारा थांबला. "कुठे जायचंय?" "बाहेर!" ऑस्वाल्दो म्हणाला. "मग चढताय कशाला?" सालिता म्हणजे चढ, साधा चढ. न्याहारीच्या टेबलावर अनोळखी लोकांना तो हा किस्सा रंगवून सांगत होता, आणि लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

ती हसली नव्हती. तिला घोटाळा व्हायलाच नको होता... आजोबा इथलेच तर होते, याच डोंगरांमागच्या गावचे. त्या सपाट रोसारिओत त्यांना उंची अशी मिळायची ती फक्त गच्चीवर. संध्याकाळी शिडीला हात लावून ते मोठ्यानं म्हणायचे, "साल्गो!" — चढतो मी. आणि स्वयंपाकघरातून आजी, जिच्या स्पॅनिशमध्ये त्याच शब्दाचा अर्थ 'निघालो मी', ती ओरडायची, "निघा, निघा! आणि येताना पाव आणा!" जन्मभर. आजोबांनी शब्द सुधारला नाही, आजीनं उत्तर बदललं नाही. गच्चीवर ते काय बघायचे? टाक्या, तारा, दुसऱ्यांच्या गच्च्या. तरी अंधार पडेपर्यंत खाली यायचे नाहीत.

पायरीलगतच्या दारावर 'भाड्याने देणे' असा कागद होता. काल तिनं एकटीनं फोन केला होता, आजोबांच्या मोडक्या शब्दांत. ऑस्वाल्दो म्हणाला होता, बघूया की, बघायला काय जातंय.

वरची खिडकी उघडली. घरमालकीण, ओर्नेल्लाबाई, कमरेपर्यंत बाहेर वाकल्या.

"अहो बाई, तुम्हीच ना कालच्या? चढताय ना? लवकर या, माझा कांदा करपतोय!"

"चौथा मजला," ऑस्वाल्दो हळूच म्हणाला. "लिफ्ट नाही. हे गाव नाही गं, जिना आहे नुसता."

झालं. जिनोआलाही वाक्य मिळालं.

वाक्य छानच होतं. एरवी तीही हसली असती. आता मात्र ते त्रिएस्तेपासूनचं वाक्य पुन्हा जिभेवर आलं... आणि आश्चर्य म्हणजे ते तपासावंसं वाटेना. मला या घरातलं काहीच माहीत नाही. ओल असेल. पाणी चढत नसेल. खिडकीतून दुसऱ्यांच्या गच्च्याच दिसत असतील फक्त.

"हात हलव आणि आभार मान," ऑस्वाल्दो थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला. "गाडी चुकेल, म्हातारे. मार्सेय बघू, मग ठरवू. शप्पथ. अजून एकच."

"काय हो, येताय की नाही?" वरून.

नेलिदा उठली. भोपळा तिनं पायरीवर ठेवला, त्याच्या बुटांशेजारी. त्याच्या टाचा सरळ झिजल्या होत्या, दोन्ही, अगदी सारख्या.

"साल्गो!" ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

"या, या, दार उघडंच आहे!" ओर्नेल्लाबाई खिडकीतून नाहीशा झाल्या.

ऑस्वाल्दोही खूश झाला. बॅगेचा पट्टा खांद्यावर घेत तो उताराच्या बाजूला वळला, आणि वळता वळता, वर्गात चुकलेल्या पोराला सांगावं तसं प्रेमानं म्हणाला, "'सालिमोस' म्हण. निघतोय आपण. दोघं आहोत ना?"

तिचा हात दाराच्या थंड कडीवर होता.

"नाही," ती म्हणाली. "साल्गो."