खिडकीपर्यंतचे सरपण

मित्रांनो, मला पाहून हसायचे असेल तर खुशाल हसा, पण दात तुमच्यापेक्षा मलाच जास्त आहेत. मी एक जुनी करवत आहे. साधीसुधी नव्हे, दोन मुठींची. एका टोकाला एक माणूस आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, असे दोघे लागतात तेव्हा कुठे मी चालते. एकट्याने हात लावला तर मी नुसती वाकते आणि कुरकुर करते. हा माझा तोरा समजा, नाहीतर खोड समजा.

एका लोहाराने पोलादाच्या पट्टीतून मला काढले. एकेक दात कानशीने घासला आणि एक डावीकडे, पुढचा उजवीकडे, असे सगळे किंचित वाकवले. मला विकत घ्यायला आलेला तरुण ते बघत उभा होता. त्याचे नुकतेच लग्न झाले होते.

"हे दात एकमेकांवर रुसलेत का?" त्याने विचारले.

"रुसलेत म्हणून काम करतील," लोहार म्हणाला. "सगळे एका रांगेत शहाण्यासारखे उभे राहिले ना, तर लाकडात अडकून बसतील."

तो तरुण पुढे आजोबा झाला. तुम्हाला सोपे जावे म्हणून मी त्यांना पहिल्यापासून आजोबाच म्हणते.

त्यांचे घर डोंगरावर, गावापासून बरेच वर होते. उन्हाळा तिथे सुखाचा, पण थंडीत रस्ता बर्फाखाली जायचा आणि खालून लाकडाची गाडी वर येत नसे. चुलीत लाकूड असेल तरच माणसाने तिथे राहावे. म्हणून त्या घराचा एक नियम होता. उन्हाळाभर वाळके ओंडके कापायचे आणि सरपण पडवीच्या भिंतीला रचायचे. रास स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकली की आजोबा तिच्यावर तळहात ठेवून म्हणत, "झालं. आता येऊ दे थंडीला." रास खिडकीला टेकली नाही, तर त्या वर्षी थंडीत डोंगरावर राहायचे नाही. असे मात्र कधी झाले नव्हते.

माझी पहिली जोडी आजोबा आणि आजी. दोघांनी मिळून माझा जो छळ केला तो विचारू नका. दोघेही मला ढकलायचे. ढकलले की माझे पाते मध्येच वाकते, मी कोकलते आणि माणसे एकमेकांवर डाफरतात. शेवटी आजीच वैतागून म्हणाली, "तुम्ही फक्त तुमच्याकडे ओढा. परत न्यायचं माझ्यावर सोडा." त्या दिवसापासून मी सरळ चालू लागले. ज्याची पाळी त्याने ओढायचे, दुसऱ्याने मूठ नुसती सैल धरायची, ढकलायचे कुणीच नाही. त्या घरातले प्रत्येक पोर हे चालायला शिकल्यावर लगेच शिकले.

पोरे दोनच होती. थोरला दादा आणि त्याची धाकटी बहीण. घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. दोघांचे भांडण झाले, तोंडे दोन दिशांना फिरली, की आजी मुद्दाम मला त्यांच्या हातात द्यायची. दोन ओंडके होईपर्यंत घुम्यासारखे कापत आणि तिसऱ्याला हसायला लागत. मला त्या कामाचा फार अभिमान वाटायचा.

मोठे झाल्यावर दादा शहरात फ्रिज दुरुस्त करू लागला आणि धाकटी तिथल्याच दवाखान्यात नर्स झाली. तरी उन्हाळा लागला की दोघेही डोंगरावर हजर. एकदा दादाने मोटरवर चालणारी करवत आणली. तिने असा काही गोंगाट केला की शेजारच्या शेळ्या उधळल्या आणि संध्याकाळपर्यंत सापडल्या नाहीत. आजोबा म्हणाले, "घेऊन जा बाबा ही. हिच्यापुढे दोन शब्द बोलता येत नाहीत." दादाचे तोंड उतरले. मी खुंटीवर लटकून मजा बघत होते.

मग आजी गेली. त्या उन्हाळ्यात दादाने तिच्या बाजूची मूठ धरली. आजोबा बराच वेळ नुसते उभे राहिले. ओढायचेच विसरले. दादाही मूठ सैल धरून वाट बघत थांबला.

त्यानंतर आजोबा एकटेच राहू लागले. सरपण पुरायचे, दूधवाला एक दिवसाआड पायी वर यायचा, चालले होते कसेतरी. पण एका थंडीत ते लाकडे आणायला बाहेर आले आणि घसरून पडले. उठताच येईना. दूधवाला आला तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. त्याने त्यांना उचलून चुलीपाशी नेले म्हणून वाचले. मी भिंतीपलीकडे होते, मित्रांनो. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. इतके दात असून मला काही करता आले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सगळे आले. दादाची मुलगीही आली. ती एका जागी बसत नसे, म्हणून तिचे नाव भिंगरी. पहिल्याच दिवशी दादा आणि धाकटी सरपणाच्या खोलीत माझ्याखाली उभे राहून हळू आवाजात बोलू लागले.

"यंदा बाबांना इथे ठेवायचं नाही," दादा म्हणाला.

"मग सांग ना त्यांना."

"सांगून ऐकणारेत का? तू काय आज ओळखतेस त्यांना?"

"विचारून तरी बघ, दादा."

"आणि नाही म्हणाले तर? एकदा नाही म्हणाले की संपलंच. मग काय, हातपाय बांधून नेऊ?"

विचारायचे राहून गेले.

आजोबा मात्र रोज सकाळी मला खुंटीवरून काढत. एका मुठीला ते, दुसऱ्या मुठीला कधी दादा, कधी धाकटी, कधी भिंगरी. भिंगरी लोंबकळायचीच जास्त. आजोबा तिला म्हणत, "अगं, ओढ. झोके काय घेतेस?" भिंतीला रास चढत होती. भिंगरी तिला पाठ लावून उभी राहायची आणि ती कुठवर आली ते ओरडून सांगायची. कमरेला आली, खांद्याला आली. ते ऐकून सगळे हसायचे. दादा हसायचा नाही. पुढच्या ओंडक्याला तो माझी मूठ नको इतकी घट्ट धरायचा.

एके दुपारी बाकीचे ओढ्यावर पोहायला गेले. दादा डोके दुखते म्हणून घरीच राहिला. त्याने मला खाली काढले, मांडीवर आडवे घेतले आणि अंगणातला एक खरखरीत दगड माझ्या दातांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत नेला. पुन्हा नेला, पुन्हा नेला. माझी सगळी टोके गेली. धार कशी लावायची ते त्याला आजोबांनी शिकवले होते, म्हणून ती कशी घालवायची हेही त्याला नीट ठाऊक होते. मला संताप आला असता. पण त्याच्या डोळ्यांतले पाणी माझ्या पात्यावर पडत होते आणि तो ते बाहीने पुसत होता, मला गंज चढू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी आणि धाकटीने मला ओंडक्यावर ठेवले. मी घसरले. जोर लावला तेव्हा कशीबशी आत गेले आणि अडकले. आजोबांनी खाली पडलेला भुसा चिमटीत घेतला. धारेच्या करवतीचा भुसा किसासारखा पडतो. हा पिठासारखा होता. मग त्यांनी माझ्या दातांवरून अंगठा फिरवला. फार हळू फिरवला. त्यांनी मान वर करून दादाकडे पाहिले. दादा वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती सुटलेली नव्हती.

"आजोबा, कानस आणू?" भिंगरीने विचारले.

आजोबांनी चिमटीतला भुसा खाली सोडला. "नको गं," ते म्हणाले. "म्हातारी झाली ती. दात गेले तिचे."

मी म्हातारी? माझे दात गेले? एरवी माझ्या अंगाचा तिळपापड झाला असता. पण त्यांचा अंगठा अजून माझ्या दातांवरच होता आणि तो मला कुरवाळत होता.

त्यांनी राशीकडे पाहिले. खिडकी अजून वर होती. "यंदा काही आपण खिडकी गाठत नाही," ते म्हणाले. "चला, येतो तुमच्याबरोबर."

धाकटीने त्यांना मिठी मारली. दादाचा जीव भांड्यात पडला असेल. पण तो आजोबांच्या जवळ गेला नाही, तोंड धुवायला मागे निघून गेला.

निघायच्या दिवशी सगळे सामान बांधत असताना आजोबा कानस घेऊन माझ्याकडे आले. दार लोटून घेतले. मग एकेक दात घासायला बसले, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. एकही सोडला नाही. बाहेरून दादा हाका मारत होता, "बाबा, चला, उशीर होतोय." ते "आलो" म्हणायचे आणि पुढचा दात घ्यायचे. शेवटी मला तेल लावले, जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळले आणि खुंटीला टांगले. ती थंडी मी एकटीने काढली. त्या घरातून धूर निघाला नाही असे पहिल्यांदाच झाले.

पुन्हा उन्हाळा आला. गाडी थांबली. मी कान देऊन पावले ओळखत होते. दादाची आली, धाकटीची आली, भिंगरीची आली. आणखी एक पाऊल येईल म्हणून मी वाट बघत राहिले. मग फाटकाशी दूधवाल्याचा आवाज आला, "आजोबा कुठेत?"

"बाबा गेले थंडीत," धाकटी म्हणाली. "छातीत कफ झाला. खूप केलं, पण नाही उपयोग झाला."

ते घर आवरायला आले होते. दादा सरपणाच्या खोलीत आला. मला भंगारात काढायचे होते. बोथट करवत ठेवून काय करणार? त्याने चादरीचा तुकडा सोडला आणि मला उचलताना सवयीने दातांवर अंगठा ठेवला. तो तसाच थांबला. दुसऱ्या टोकापर्यंत त्याने अंगठा नेला आणि मला घेऊन जमिनीवर बसला.

धाकटी दारात आली. "काय झालं?"

"बाबांना कळलं होतं."

"हो," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"दवाखान्यात सांगितलं त्यांनी मला. दादाने करवत बोथट केली म्हणाले. हसत होते सांगताना."

"रागावले नव्हते?"

"नाही रे." धाकटी त्याच्या शेजारी बसली. "त्यांनी कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती, दादा. गेल्या उन्हाळ्यात आपण यायच्या आधीच. पडल्यापासून त्यांना इथे एकट्याला भीती वाटायची. कुणीतरी चला म्हणेल याची वाट बघत होते. कुणी म्हणेना, म्हणून लाकडं कापत राहिले."

दादाने मला मांडीवर घेतले आणि लहान मुलासारखा रडला. धाकटी त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. आयुष्यभर मी त्या दोघांची भांडणे मिटवली, पण त्या दिवशी माझ्याने काही होण्यासारखे नव्हते.

मला भंगारात दिले नाही. दादा दर उन्हाळ्यात येतो, तेल लावतो, धार बघतो आणि पुन्हा गुंडाळून ठेवतो. भिंगरी आता उंच झाली आहे. मागच्या खेपेस ती म्हणाली, "बाबा, कापूया का थोडं?" दादा म्हणाला, "कुणासाठी गं?"

मित्रांनो, लोखंडाला तेल लावत जा, ओल्यात टाकू नका, हे मी सांगणार होतेच. तेही कराच. पण तुमच्या घरी कुणी म्हातारे माणूस एकटे राहत असेल, आणि ते आपल्याजवळ असावे असे तुम्हाला वाटत असेल, तर माझ्यासारखीच्या आडून काही करू नका. त्यांच्यासमोर बसा आणि विचारा. ते नाही म्हणतील, चिडतील, एखाद्या वेळी जेवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आमचे आजोबा सगळा उन्हाळा माझी मूठ धरून विचारण्याची वाट बघत होते, आणि दुसऱ्या मुठीला त्यांचा मुलगा होता.