रेशम घोडीची साक्ष

येरवड्यातल्या दादामियाँच्या तबेल्यात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पत्र्यावर चढली होती, भिंतीवर बसली होती, आणि सगळ्यांची नजर एका घोडीवर होती. आज रेशम साक्ष देणार होती! आपलं शिंगरू कोणी खाल्लं, ते ती दाखवणार होती.

शिंगरू जन्मलं तेव्हा त्याच्या अंगावर चंदेरी-जांभळट झाक होती. बघणारे हरखून गेले. पण ते उठून उभं राहीना. मान मागे ताणायचं, पडल्या पडल्या पाय झाडायचं, डोळे फिरवायचं. दुसऱ्या दिवशी संपलं. "हा रोग नव्हे, ही करणी," असं निदान मांत्रिक मच्छिंद्रबाबांनी शिंगरू न बघताच केलं होतं.

बाबा रेशमच्या मानेशी उभे राहिले. डावा हात तिच्या आयाळीत, उजवा आभाळाकडे.

"जनावर खोटं बोलत नाही! इथं वकील नको, तारीख नको! गल्लीतली एकेक बाई समोर येऊ द्या!"

चार बाया आल्या, गेल्या. रेशम ढिम्म. पाचवी रशीदाभाभी, दादामियाँच्या थोरल्या भावाची विधवा. ती समोर आली मात्र, रेशम खिंकाळून मागच्या पायांवर उभी राहिली.

"दिलं नाव!" बाबा गरजले.

गर्दीत कोणीतरी "चेटकीण" म्हणालं, आणि मग तो शब्द सगळ्यांच्याच तोंडी झाला. रशीदाभाभीनं फक्त दादामियाँकडे पाहिलं. दादामियाँनी मान खाली घातली. संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन कोंढव्याला बहिणीकडे निघून गेली. तिला थांबवायला कोणी पुढे झालं नाही.

गर्दी पांगल्यावर दादामियाँ रेशमची आयाळ विंचरायला बसले, तर मानेवर रक्ताचा ताजा थेंब. सुई टोचल्यासारखा. चाळीस वर्षं घोड्यांत काढलेला माणूस. बाबांचा हात कुठं होता हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

पण ते बोलले नाहीत. कारण त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. रेशम आणि त्यांचा नामांकित घोडा बादल या दोघांचा आजा एकच, एक अरबी घोडा. "एकाच रक्ताची जोडी लावू नका," असं घोड्यांच्या डॉक्टर पद्मजाबाईंनी बजावलं होतं. दादामियाँनी त्या आज्याचा चंदेरी रंग टिकावा म्हणून ऐकलं नव्हतं. नजर लागली नाही असं ठरलं असतं, तर बोट बादलकडे गेलं असतं, आणि पुण्याबाहेरूनही लोक पैसे मोजून आपल्या घोड्या बादलकडे लावायला आणत. बादलच्या नावापेक्षा भाभीचं नाव त्यांना स्वस्त वाटलं.

बाबांनी रेशमच्या पायात काळा दोरा बांधला. पुढच्या खेपेला शिंगरू ठणठणीत झालं! तबेल्यात बाबांचा हार घातलेला फोटो लागला. दादामियाँ त्या फोटोकडे न बघता त्याखालून जायचे. दोनदा ते कोंढव्यापर्यंत गेले आणि भाभीच्या बहिणीच्या दारावरूनच परत आले.

तिसऱ्या खेपेला पुन्हा तीच झाक, तीच ताणलेली मान. शिंगराचं डोकं दादामियाँच्या मांडीवर होतं. पद्मजाबाईंनी त्याला शेवटचं इंजेक्शन दिलं.

"दोरा होता ना हो पायात?" त्यांनी विचारलं.

मागे उभे असलेले बाबा म्हणाले, "दोरा आहेच. पण ती बाई कोंढव्यातून रेंज मारते."

"म्हणजे दोऱ्याला रोमिंग नव्हतं," पद्मजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बादलच्या आणि रेशमच्या आयाळीचे मुळासकट केस उपटून पाकिटात घातले. पाकीट परदेशातल्या प्रयोगशाळेत गेलं.

उत्तर आलं, तेव्हा दादामियाँनी स्वतःहून बाबांना बोलावलं. "घोडीला पुन्हा विचारू." गर्दी पहिल्याइतकीच जमली. बाबांनी आयाळीकडे हात नेला, तोच दादामियाँनी त्यांचं मनगट धरलं.

"मूठ उघडा."

"शक्ती सांडेल, मियाँ!"

"सांडू दे."

बोटं उलगडली. अंगठीचा खडा तळव्याकडे फिरवलेला, आणि खड्याशेजारी डाळिंबाच्या काट्याएवढं टोक. दादामियाँनी ते स्वतःच्या दंडावर टोचून रक्त दाखवलं. बाबा शापाची भाषा करू लागले, पण लोकांनीच त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

"आणि शिंगरं?" कोणीतरी ओरडलं. "ती का मेली?"

पद्मजाबाई पुढे झाल्या. "बादल आणि रेशम दोघांच्या रक्तात आज्याकडून आलेला एकच दोष आहे. एकेकट्याला त्याचा त्रास नाही, बघून कळतही नाही. पण पिल्लाला आईकडूनही तो दोष आला आणि बापाकडूनही आला, तर ते ती जांभळट झाक घेऊन जन्मतं आणि जगत नाही. दर खेपेला चारांत एक अशी ही शक्यता. मधलं शिंगरू जगलं, ते दोऱ्यानं नव्हे. दोरा नसता तरी चारांत तीन वेळा जगलंच असतं."

दादामियाँ म्हणाले, "टोचल्याचं रक्त मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. माझ्या घोड्याचं नाव जाऊ नये म्हणून गप्प बसलो."

दुसऱ्या दिवशी ते कोंढव्याला गेले. रशीदाभाभीनं आत घेतलं नाही. उंबऱ्यातच ऐकून घेतलं.

"बाबा तर परका होता," ती म्हणाली. "रेशमला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येत होतं, दादामियाँ."

"माफ करा, भाभी."

"तबेल्यात सांगितलंत ते ठीक. पण मला चेटकीण म्हणणाऱ्या बाया काल तबेल्यात नव्हत्या. त्या घरी होत्या. माझ्याबरोबर दारोदार चला. मग माफीचं बघू."

बादलला त्यांनी खच्ची केलं. त्याच्याकडे घोड्या आणलेल्या मालकांना फोन करून तपासणी करायला सांगितलं. काहींनी शिव्या घातल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या. आणि शुक्रवारी नमाजानंतर ते भाभीमागून येरवड्यातल्या आपल्या गल्लीत निघाले. प्रत्येक दारी कडी वाजवायची, बाई बाहेर आली की बोलायचं. पहिल्या दारी त्यांनी कडी वाजवली. भाभी बाजूला उभी राहिली.

"रोग रक्तातून आला होता, यांच्या नजरेतून नाही," ते म्हणाले. "मला ते ठाऊक असून मी बोललो नाही. पुढं कोणी कुणाला चेटकीण म्हणालं, तर आधी विचारा, पुरावा काय? आणि दाखवणाऱ्याचा हात उघडायला लावा."

दारातली बाई गोरीमोरी झाली. भाभी पुढच्या दाराकडे वळली. गल्लीत अजून एकोणीस घरं होती.